निकची आई आणि आपली अम्मी

इंदापूर-बारामती एसटीला दीड तास लागतो, ऊसतोडणीच्या दिवसांत ट्रॅक्टरमागे अडकली तर जास्तच. गेल्या हंगामात या गाडीत माझा एक जुना विद्यार्थी भेटला. दहावीपर्यंत माझ्याकडे शिकवणीला यायचा. आता १९ वर्षांचा आहे, बारामतीत शिकतो, सुट्टीला घरी जातो. मोबाइलवर काहीतरी वाचत होता. मी शेजारी बसले तरी त्यानं स्क्रीन बंद केला नाही, याचंच मला आधी नवल वाटलं. निमगाव केतकी मागे पडल्यावर त्यानं फोन माझ्या हातात दिला. म्हणाला, "आपा, हे वाचा."

ते 'हार्टस्टॉपर' होतं. ब्रिटनमधल्या ॲलिस ओसमन यांनी २०१६ मध्ये इंटरनेटवर पानापानानं सुरू केलेलं कॉमिक. नंतर त्याची पुस्तकं झाली, २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर मालिका आली. चार्ली आणि निक ही शाळेतली दोन मुलं, वर्गात शेजारी बसता बसता एकमेकांच्या प्रेमात पडतात, एवढीच गोष्ट. भवानीनगरचा कारखाना येईपर्यंत मी बरंच वाचलं. काटेवाडी आली तेव्हा त्यानं मला जे सांगायचं होतं ते मला समजलं होतं, आणि मला समजलंय हे त्यालाही समजलं होतं. दोघांपैकी कुणी ते शब्दांत बोललं नाही. उतरताना तो फक्त एवढंच म्हणाला, "सगळं खरं वाटतं, आपा. फक्त ती निकची आई खोटी वाटते."

(हे लिहायला त्याची परवानगी आहे. ओळख पटेल असं सगळं मी काढून टाकलंय.)

निक आपल्या आईला सांगतो आणि आई त्याला जवळ घेते, इतकाच तो प्रसंग. जगभरातल्या लाखो मुलांनी तो रडत वाचला असेल. मीही घरी येऊन उरलेले भाग वाचले आणि डोळे पुसले. पण त्या मुलाचं वाक्य डोक्यातून जाईना. मग वाटलं, निकची आई खोटी नाही, ती एकटी आहे. नवरा वेगळा, दूर फ्रान्समध्ये. मुलाला काय उत्तर द्यायचं हे ठरवताना तिला कुणालाच विचारायचं नव्हतं. तिच्या दारात नणंद उभी नव्हती, जमातीतले चारजण नव्हते, धाकट्या मुलीचा अर्धवट ठरलेला रिश्ता नव्हता. तिला फक्त आई व्हायचं होतं. आपल्या अम्मीला एवढी सूट कधी मिळते?

म्हणून माझं म्हणणं असं की, आपल्याकडच्या अशा गोष्टीत मायाळू अम्मी दाखवली तर खोटं वाटेल, आणि दुष्ट अम्मी दाखवली तर ते त्याहून मोठं खोटं ठरेल. आपल्या घरातला दबाव आई-बापाच्या द्वेषातून येत नाही. तो त्यांच्यातून वाहत येतो, तारेतून वीज यावी तसा. अब्बांची शुगर वाढलेली असते. वरचा मजला 'तुझ्या लग्नासाठी' म्हणून कर्ज काढून बांधलेला असतो. मामू दौंडहून एका मुलीचा फोटो घेऊन येतात. बहिणीच्या सासरचे विचारतात, भाई का थांबलाय अजून? कुणी हात उगारत नाही, कुणी ओरडत नाही. रात्री सगळे झोपल्यावर अम्मी हळूच म्हणते, "तेरे अब्बाकू क्या बोलूं मैं?" बस. या एका वाक्यापुढे मुलगा हरतो.

आता कॉमिक्सकडे येते. तुमच्यातल्या अनेकांना, विशेषतः मुलींना, हे जग माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. माझ्या शिकवणीतल्या मुली कोरियन आणि जपानी 'बीएल' वाचतात, म्हणजे 'बॉइज लव्ह', दोन मुलांच्या प्रेमकथा. एकीनं मला विचारलं होतं, "आपा, हे वाचणं वाईट आहे का?" मी तिला सांगितलं ते इथेही सांगते: या प्रकाराची मुळं १९७० च्या दशकातल्या जपानमध्ये आहेत आणि तो घडवला बायकांनी. मोतो हागिओ, केइको ताकेमिया या चित्रकार बायकांनी मुलींच्या मासिकांसाठी या कथा काढल्या. मुलींना त्या का आवडल्या याची बरीच चर्चा झाली आहे. मला पटणारं कारण साधं आहे. प्रेमकथेत मुलगी आली की तिचा रंग, तिची अब्रू, तिचं लग्न सगळं मागोमाग येतं. दोन मुलांच्या गोष्टीत मुलगी निवांतपणे नुसतं प्रेम बघू शकते.

पण खुद्द जपानमधल्या समलिंगी पुरुषांनी १९९२ च्या सुमारास यावर जोरदार आक्षेप घेतला की, ही चिकणी पोरं म्हणजे आम्ही नव्हे. त्यांचं ऐकण्यासारखं आहे. या कथांतली मुलं बहुतेक वेळा एकेकट्या फ्लॅटमध्ये राहतात. दोघांच्याही घरचा फोन येत नाही. खोलीला किल्ली असते आणि ती त्यांच्याच खिशात असते! बारामतीत २० वर्षांच्या किती मुलांकडे स्वतःच्या खोलीची किल्ली आहे? आपल्याकडे दोन खोल्यांत सहा माणसं आणि कपाटातला एक कप्पा आपला, तोही भाभी आवरते.

त्यामुळे मला जास्त मोलाची वाटतात ती घर दाखवणारी कॉमिक्स. फुमी योशिनागा यांची 'काल काय जेवलास?' अशा अर्थाच्या नावाची जपानी मालिका २००७ पासून चालू आहे. शिरो हा चाळिशीतला वकील, केन्जी केशकर्तनालयात काम करतो. दोघं एकत्र राहतात. शिरो रोज संध्याकाळी स्वस्तात भाजी शोधून स्वयंपाक करतो, पै-पै वाचवतो, म्हातारपणाची काळजी करतो. पानंच्या पानं नुसत्या पाककृती! आणि मधेमधे आई-वडील. त्यांना मुलाचं सगळं माहीत आहे. तोंडानं त्यांनी ते मान्यही केलंय. एका नवीन वर्षाला केन्जी त्यांच्या घरी जातो, सगळे नीट वागतात, जेवतात. नंतर आई-वडील शिरोला सांगतात, पुढच्या वर्षी त्याला आणू नकोस, आम्हाला झेपत नाही. कुणी वाईट नाही. म्हातारी माणसं आहेत, मुलावर जीव आहे, आणि तरीही झेपत नाही. मी आजवर पाहिलेल्या कुठल्याही सिनेमापेक्षा हे मला आपल्या ईदच्या दुपारसारखं वाटलं. दोस्त म्हणून शीरखुर्म्याला या, हजारदा या. पण दोस्तापेक्षा जास्त काही असाल तर पुढच्या ईदला नको.

जपानचेच गेंगोरोह तागामे यांचं 'माझ्या भावाचा नवरा' (२०१४ ते २०१७) याहून शांत. जुळ्या भावानं आपलं खरं सांगितलं, तेव्हा दुसरा भाऊ रागावला नाही, भांडला नाही, फक्त बोलणं कमी केलं. मग भाऊ कॅनडात गेला आणि तिथेच वारला. एक दिवस त्या भावाचा नवरा दारात उभा राहतो. तेव्हा याला कळतं की आपण काहीच केलं नाही, हाच आपला गुन्हा. आपल्या किती घरांतले भाऊ दुबईला किंवा पुण्याला 'कामासाठी' गेलेत आणि परत यायचं नाव घेत नाहीत, याचा हिशेब कुणी केलाय?

तिसरं पुस्तक अमेरिकेतल्या त्रुंग ले न्गुयेन यांचं 'द मॅजिक फिश', २०२० चं. व्हिएतनामहून आलेल्या आईचा मुलगा. आईला इंग्रजी जेमतेम येतं, मुलाला व्हिएतनामी. मी 'गे' आहे हे आईला सांगायचं तर तिच्या भाषेत शब्दच त्याला माहीत नाही. दोघं मिळून परीकथा वाचतात आणि त्या परीकथांच्या आडून एकमेकांशी बोलतात.

हे वाचताना मी पुस्तक मिटून बसले. आपल्या घरातल्या दखनीत कुठला शब्द आहे? जे आहेत ते चौकातले, शिवीचे. मराठीत 'समलिंगी' आहे, पण तो वर्तमानपत्राचा शब्द. कुठला मुलगा चुलीपाशी बसून अम्मीला 'मैं समलिंगी हूं' म्हणेल? तो म्हणतो, "अम्मी, मेरेकू शादीच नई करनी." आणि अम्मी त्याचा अर्थ घेते: नोकरी लागेपर्यंत नको. शब्द नसल्यामुळे दोघांनाही सुटका मिळते, एकदोन वर्षांपुरती. मग रिश्ता येतो.

इथे मला माझ्या घरातली गोष्ट सांगायची आहे. कॉमिक्सचा विषय मी काढला त्याचं निम्मं कारण ही गोष्टच आहे. माझ्या खालाच्या मुलीचं लग्न चांगल्या घरात झालं. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी, मान खाली घालून बोलणारा. रिश्ता पाहायला गेलेल्यांत मीही होते आणि "असा मुलगा दिवा घेऊन शोधला तरी मिळणार नाही" हे वाक्य माझं होतं. पहिल्या महिन्यापासून तो वेगळा झोपायचा. वर्षभरानं बायका विचारायला लागल्या, काही आहे का? दुसऱ्या वर्षी तिला डॉक्टरकडे, तिसऱ्या वर्षी ताईत बांधायला नेलं. तपासण्या सगळ्या तिच्या. एका रात्री त्यानंच रडत रडत तिला सांगितलं. लग्नाआधी त्यानं घरात सांगून पाहिलं होतं. उत्तर मिळालं होतं, "एकदा शादी झाली की सगळं ठीक होतं."

तिनं खुला घेतला आणि मेहर सोडून दिली. लोक म्हणाले, तिलाच संसार नको होता. त्याचं नाव कुणी घेतलं नाही आणि तिनंही कुणाला सांगितलं नाही, कारण त्याला ठेचतील याची तिला भीती वाटली. ती त्याच्यावर रागावलेली नाही. माझ्यावर थोडी आहे, आणि ते बरोबर आहे.

पुढे मला कळलं की १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात तिच्यासाठी रस्ता होता. नवऱ्यानं योग्य कारणाशिवाय तीन वर्षं वैवाहिक कर्तव्यं पाळली नाहीत तर बायकोला न्यायालयात जाऊन विवाह संपवून घेता येतो, आणि कलम ५ प्रमाणे तिच्या मेहरच्या हक्काला धक्का लागत नाही. आम्हाला कुणी सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही, कारण विचारायचं म्हणजे कारण सांगावं लागलं असतं.

निकच्या आणि चार्लीच्या गोष्टीत ही बाई नाही, असायचं कारणही नाही, ती शाळकरी मुलं आहेत. पण बीएलच्या ढिगाऱ्यातही मला ती दिसली नाही. ज्या समाजात लग्न हाच उपाय म्हणून दिला जातो, तिथे या गोष्टीत कायम तिसरं माणूस असतं आणि ती एक मुलगी असते. तिला कुणी विचारलेलं नसतं. आपल्या साहित्यात तिला पाहिलं ते इस्मत चुगताईंनी. 'लिहाफ' १९४२ मध्ये छापून आली. लोकांना त्यातली रजई तेवढी आठवते. खरी गोष्ट बेगम जानची आहे: गरीब घरची मुलगी, मोठ्या नावाच्या, हज करून आलेल्या नवाबाला दिलेली, आणि त्या नवाबाला बाईत रसच नाही. इस्मत आपांवर लाहोरला अश्लीलतेचा खटला झाला. त्या सुटल्या. ज्यांनी खटला भरला त्यांना बेगम जानला कुणी फसवलं हा प्रश्न पडला नव्हता.

मला माहीत आहे, इथे काहीजण म्हणतील, ही कॉमिक्सच मुलांना बिघडवतात. १९२७ ते १९५३ या काळात र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत होते. वाचकांची पत्रं यायची, त्यात समलिंगी आकर्षणाबद्दलही प्रश्न असायचे आणि कर्वे सरळ उत्तरं द्यायचे. त्याच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला चालला. त्यांचं वकीलपत्र घेतलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. ती पत्रं लिहिणाऱ्यांनी कुठलं कॉमिक वाचलं होतं?

दुसरे म्हणतील, मजहबचं काय? मी आलिम नाही आणि इथे फतवा देणार नाही. बहुसंख्य उलेमा याला गुनाह मानतात, हे लपवण्यात अर्थ नाही. स्कॉट कुगल यांच्यासारख्या मुस्लिम अभ्यासकांनी कुराणातल्या लूत पैगंबरांच्या कथेचं वेगळं वाचन मांडलंय, तेही वाचा. सलीम किदवई आणि रूथ वनिता यांनी २००० साली संपादित केलेला ग्रंथ पाहिला तर आपल्याच फारसी-उर्दू परंपरेत काय काय आहे ते दिसेल. पण समजा तुम्ही बहुसंख्य उलेमांच्या बाजूनं आहात. तरीही निकाहमध्ये मुलीपासून एवढी मोठी गोष्ट लपवायला कुठल्या मसलकनं परवानगी दिली आहे? 'कबूल है' हे शब्द काय कबूल केलंय ते माहीत असेल तरच अर्थाचे.

तिसरे म्हणतील, कौमवर एवढी संकटं असताना हे कशाला काढता? १९६६ मध्ये हमीद दलवाईंबरोबर सात महिला तलाकच्या प्रश्नावर मोर्चा घेऊन मुंबईत सचिवालयावर गेल्या, तेव्हापासून प्रत्येक प्रश्नावर हेच ऐकवलं जातंय. आणि आपल्या या दुखऱ्या जागेचा वापर करून मुसलमानांना मागास ठरवायला टपलेल्यांना एवढंच सांगते की, बारामतीच्या कुठल्याही गल्लीत जा, हिंदू घरांतही 'एकदा लग्न झालं की ठीक होतं' हेच औषध चालतं. बिंदुमाधव खिरे यांनी स्वतःचं लग्न, ते मोडणं आणि त्यानंतर खरं बोलणं याबद्दल मोकळेपणानं लिहिलंय. पुण्यात २००२ मध्ये त्यांनी 'समपथिक ट्रस्ट' सुरू केला.

कायद्यानं आपलं काम निम्मं केलंय. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं ३७७ कलमातून सज्ञान व्यक्तींचे संमतीचे संबंध वगळले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली नाही. भारतातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं हा आजार नाही असं सांगितलंय आणि 'बरा करून देतो' म्हणणं हे डॉक्टरांसाठी गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यक आयोगानं २०२२ मध्ये स्पष्ट केलं. भिंतीवर 'गुप्तरोग, खात्रीशीर इलाज' लिहिणाऱ्यांपर्यंत ते अजून पोहोचलेलं नाही. ज्याला रात्री झोप लागत नाही त्यानं त्या भिंतीवरचा नंबर न लावता १४४१६ लावावा. तो सरकारी टेलि-मानसचा नंबर आहे, फुकट आहे. 'हार्टस्टॉपर'मधली मला सगळ्यात खरी वाटलेली गोष्टही हीच: चार्ली आजारी पडतो, जेवण टाकतो, स्वतःला इजा करतो, आणि निकचं प्रेम त्याला बरं करत नाही. त्याला दवाखान्यात राहावं लागतं. प्रेमकथेत हे लिहायला धाडस लागतं.

मराठीत या विषयावर काहीच नाही असं नाही. तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' १९८१ मध्ये रंगमंचावर आलं, पण मित्राचा शेवट आत्महत्येत होतो. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ ची, खिऱ्यांची 'पार्टनर' आहे. यांत मुस्लिम घर नाही. प्रेमकथेचं कॉमिक हा प्रकार तर मराठीत रुजलाच नाही. आपण वेताळ आणि चाचा चौधरीवर थांबलो. दलवाईंनी संघटना काढण्याआधी 'इंधन' ही कादंबरी लिहिली, कोकणातल्या मुस्लिम गावाची आतली धग आधी गोष्टीत दाखवली. भाषणानं जे घराच्या उंबऱ्यावर अडतं, ते गोष्टीतून आत जातं.

त्या मुलाला मी हेच म्हटलं. तो चित्रं बरी काढतो. पंधरा दिवसांनी शंभर पानी वही घेऊन आला. आठ पानं काढली होती. फळांचा गाळा, डाळिंबाचे क्रेट, उजनीच्या पाण्याकडेला लावलेली मोटरसायकल, दोन मुलं. दोघांचे चेहरे मुद्दाम पाठमोरे. आठव्या पानावर घर, अम्मी भाकरी करतेय, मुलगा दारात उभा. तिच्या तोंडापुढचा बोलण्याचा फुगा रिकामा.

"काय लिहू, आपा?"

मला सुचलं नाही. वही मी खालाच्या मुलीकडे नेली. तिला सगळं सांगूनच दिली. तिनं दोनदा वाचली. म्हणाली, गाळ्यावर क्रेट असे नसतात, उलटे रचतात. मग म्हणाली, याचं लग्न लावून देणार ना घरचे? मग ती मुलगी कुठंय यात? मी म्हटलं, त्याला तिच्याबद्दल काही माहीत नाही. ती थोडा वेळ गप्प बसली.

येत्या रविवारी तो तिच्याकडे जाणार आहे. ती सांगेल तेवढंच काढायचं, नाव आणि गाव बदलायचं, आणि तिनं नको म्हटलं की पान फाडायचं, असं दोघांचं ठरलंय.